वडाच्या वळणावर

धडक झाली तेव्हा सिद्धेश खिडकीविषयी बोलत होता. तिकडे मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये त्याची जेवणाची सुट्टी, इकडे होनोलुलूत अहिल्याची सकाळ; तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होता, ती डोंगराच्या पायथ्याच्या बागेत पळत होती, आणि त्याचा आवाज तिच्या कानातल्या इवल्याशा बोंडातून येत होता, जसा गेली दोन वर्षं रोज येत असे. "भिंत फोडून घेतली," तो सांगत होता, "बेसमेंटची, पूर्वेकडची. चांगली मोठी खिडकी बसवली. ट्रेडमिल आता तिच्यासमोर ठेवलीय. तू म्हणाली होतीस ना, भिंतीकडे तोंड करून पळते म्हणून." ती काही म्हणणार होती. काय म्हणणार होती ते तिला उठल्यापासून ठाऊक होतं. वाक्य तयार होतं, घासूनपुसून ठेवलेलं, आणि त्यात खिडकीला कुठेच जागा नव्हती. तेवढ्यात वाट मोठ्या वडाला वळसा घालून वळली, पारंब्यांच्या पडद्याआडून एक माणूस समोर आला, दोघांनी एकमेकांना पाहिलं, बाजूला व्हायला दोघांनाही पुरेसा अवधी होता, आणि अहिल्या अगदी निःशंकपणे बाजूला झाली. तोही झाला. दोघं एकाच बाजूला.

खांद्यावर खांदा आदळल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि दुखलं नंतर. आवाज आधी, बाकीचं मागून, हे तिच्या बाबतीत नेहमीचंच होतं. यंत्रांचे आवाज ऐकणं हाच तिचा व्यवसाय: ट्रॉयला असताना गाड्यांचे, म्हणजे ताशी साठ मैलांच्या पुढे दाराच्या रबरातून शिट्टी का येते, थंडीत ब्रेक का विव्हळतात, कुठल्याशा नटबोल्टातली थरथर बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत कुठल्या वाटेने पोचते, आणि इथे, या बेटावर, खडकाच्या पोटातून गोडं पाणी उपसणाऱ्या पंपांचे. पंप बिघडण्याच्या कितीतरी आधी त्याचा सूर बदलतो. तो बदल ज्याला ऐकू येतो त्याला इथे मान होता, आणि हा मान तिला पंचेचाळिशीत, सगळं संपत आल्यासारखं वाटत असताना मिळाला होता. ती गवतावर पडली होती. तळहातांना ओल लागली. कुठूनतरी चाफ्याचा वास आला, जवळच दोन साळुंक्या चालल्या होत्या त्या चालतच राहिल्या. कानातलं बोंड कानातच होतं. "काय झालं?" सिद्धेश विचारत होता. त्याचं चावणं थांबलं होतं. "अहिल्या? कसला आवाज झाला? आहेस का?"

समोरचा माणूस म्हातारा होता, काटक, पाय पसरून मातीत बसलेला. गुडघा सोलवटला होता तिकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो बोटाने एकेक दात हलवून पाहत होता. "आहेत सगळे," तो शेवटी म्हणाला. "मी डेंटिस्ट होतो. जन्मभर लोकांचे बसवले, आता बागेत स्वतःचे वेचत बसलो असतो तर लोक काय म्हणाले असते." अहिल्या उठून त्याच्यापाशी गेली, सॉरी म्हणाली, पुन्हा म्हणाली, हात पुढे केला. त्याने तो धरला आणि तिच्या ताकदीचा अंदाज घेतल्यासारखा सावकाश उभा राहिला. "मी ग्लेन," तो म्हणाला. "तुम्ही मेनलँडच्या?" इथे हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, समुद्रापलीकडची सगळी अमेरिका एका शब्दात बसवून. "मिशिगन," ती म्हणाली. ग्लेनने मान डोलावली, वडाकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, आपला गुडघा आता कुठे त्याला दिसला. "मिशिगनमध्ये डावीकडून पळतात का?" त्याने विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, दात पाहताना विचारावं तसं विचारलं होतं, कुठे दुखतं, गोड खाल्ल्यावर की थंड.

आणि कानात सिद्धेश हसला. हलकेच, तोंडात घास असल्यासारखा. "डावीकडे गेलीस ना?" तो मराठीत म्हणाला. "गेलीसच. मागच्या आठवड्यात मी ग्रोसरीत तेच केलं. एक बाई समोरून कार्ट घेऊन आली, मी डावीकडे, ती तिच्या उजवीकडे, धडाम. तिची अंडी फुटली यार. आईने वर मला विचारलं, तू रस्ता तरी नीट क्रॉस करतोस का." अहिल्या तशीच उभी राहिली, एका हाताने ग्लेनचं कोपर धरून. काय झालं ते तिला सिद्धेशला सांगावं लागलं नव्हतं. वड, वळण, पारंब्या, यातलं काही त्याने पाहिलं नव्हतं. चार हजार मैलांवर, गाडीच्या बंद काचांमागे, डब्यातली भाजी चिवडता चिवडता त्याने एक आवाज ऐकला होता आणि तिचं शरीर कोणत्या बाजूला झुकलं हे त्याला कळलं होतं.

तिला स्वतःला ते आत्ता कळत होतं. इतकी वर्षं ती या देशात उजव्या बाजूने गाडी चालवत आली होती. परीक्षेत पहिल्या खेपेला पास झाली, बर्फात चालवली, तापात चालवली, सई पोटात असताना चालवली, आणि एकदाही, अर्धवट झोपेतसुद्धा, चुकली नाही. बाजू बदलणं तिला फार सोपं वाटलं होतं. देश बदलण्यातलं सगळ्यात सोपं तेच होतं, असं ती नव्याने आलेल्या मुलींना सांगतही असे. पण गाडी जी चालवत होती ती एक अहिल्या, शिकून आलेली, हुशार, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली; आणि समोरून अचानक कोणी आलं की जी बाजूला होते ती निराळीच कोणी, तिला कोणी काही शिकवलं नव्हतं, ती कधी विमानात बसलीच नव्हती बहुधा. ती अमरावतीच्या वीज मंडळाच्या क्वार्टर्समध्येच राहिली होती. तिथल्या अख्ख्या लायनीत फोन फक्त त्यांच्याकडे होता, आणि कुणाचा बाहेरगावचा फोन आला की बाबा रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून म्हणत, "जा, पळ." मग ती पळायची. चपला न घालता, तापलेल्या सिमेंटवरून, सायकली आणि पाण्याच्या बादल्या चुकवत, डावीकडे, डावीकडे, समोरचाही त्याच्या डावीकडे, कुणाचा कुणाला धक्का लागत नसे आणि लागत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नसे. "काकू, फोन! पुण्याचा!" काकू हात पुसत तिच्यामागून धावत. तिने पळत नेलेला एकही निरोप तिचा नव्हता. पुढे मोठी झाल्यावर आई म्हणू लागली, चालत जा, वाट पाहतील ते. आणि मग फोन घरोघरी आले, आणि तिने पळणं थांबवलं, कसलंही दुःख न होता, जसं आपण लहानपणीचा एखादा खेळ थांबवतो आणि तो शेवटचा डाव होता हे कुणी सांगत नाही.

ट्रॉयमध्ये ती एकदाच बाहेर पळाली होती, मे महिन्यात. त्या वसाहतीत पदपथ होता आणि मग एका घरापाशी तो एकाएकी संपत असे, वाक्य अर्धवट सोडल्यासारखा. ती तिथे पोचते न पोचते तोच ओळखीच्या सरलाकाकूंची गाडी शेजारी थांबली, काच खाली आली. "अगं, गाडी बंद पडली का? बस, सोडते." पळतेय, असं ती म्हणाली. "कुठे?" काकूंनी विचारलं. दुसऱ्या आठवड्यात सिद्धेशने ट्रेडमिल आणली, मोठ्या हौसेने जोडली, बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या आणि सईच्या जुन्या खेळण्यांच्या खोक्यांच्या मध्ये. तिथे ती पळाली, कितीतरी हिवाळे, भिंतीच्या रंगातल्या एका पोपड्याकडे बघत. तिने तक्रार एकदाच केली असेल, तीही हसत. त्याने ती जपून ठेवली होती, आणि ती इथे असताना, तिला न सांगता, माणसं बोलावून, धूळ सोसून, आईची कुरकुर ऐकून भिंत फोडली होती. ऑगस्टमध्ये ती परत येणार म्हणून. दोन वर्षांचं कंत्राट, मग परत, असं ठरलं होतं. आणि ठरलं होतं हे खरंच होतं, त्यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. फक्त मागच्या सोमवारी डोनाने, तिच्या वरिष्ठ बाईने, पंपघराच्या दारात उभं राहून विचारलं होतं की कायमची जागा आहे, घेणार का, शुक्रवारपर्यंत सांग. आज शुक्रवार होता. आणि उत्तर तिला सोमवारीच, डोनाचं वाक्य पुरं व्हायच्या आत, ठाऊक झालं होतं.

"चुकलं माझंच," ती ग्लेनला म्हणाली. "मी मूळची भारतातली आहे. तिकडे डावीकडून." ग्लेनने हे ऐकून घेतलं. तिच्या कानात कुणीतरी बोलतंय हे त्याने ओळखलं असावं, कारण तो तिच्या कानाकडे पाहून त्या अनोळखी माणसालाही सांगितल्यासारखं बोलला. "इथे डावं-उजवं कशाला हवं? बेट आहे. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र. आम्ही रस्ता सांगताना तेच सांगतो. आपण दोघं समुद्राकडे गेलो, एवढंच झालं." मग थोडा विचार करून, "कुणीतरी डोंगराकडे जायला हवं होतं," असं म्हणाला. तिने त्याला बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतायला दिलं. त्याने अर्धं ओतलं, अर्धं पिऊन टाकलं, बाटली परत दिली आणि लंगडत, मग न लंगडता, पारंब्यांतून निघून गेला.

ती बागेतून बाहेर पडली आणि समुद्रालगतच्या रस्त्याला लागली. खांदा ठणकत होता, पण पाय आपोआप आपल्या लयीत आले. वारा उजाडताच सुटतो तसा सुटला होता, ईशान्येचा, वर्षभर जवळजवळ एकाच बाजूने वाहणारा, ज्याच्याशी सवयीने माणसाचं घरातल्या माणसासारखं नातं होतं. या बेटावर पहिल्या आठवड्यात तिला वड दिसला होता, साळुंकी दिसली होती, कचऱ्याच्या डब्यामागून मुंगूस गेलं होतं, आणि ट्रॉयच्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी फोनवर म्हटलं होतं की बघ, सगळे आपल्याकडचेच, म्हणजे तुला परकं वाटणार नाही. तिला त्या वेळीही त्या सोप्या समजुतीचा राग आला होता. तिला परकं वाटायला हवं होतं. परकं वाटण्यातच तिला तिचं शरीर सापडलं होतं. इथे तिला कोणी कुठे म्हणून विचारत नव्हतं, इथे तिचा घाम तिचा होता, तिच्या पोटऱ्या दगडी झाल्या होत्या, सकाळी उठताना तिला आपल्या हाडांचं वजन कळत असे आणि ते आवडत असे. आणि तिने मनाशी असं मांडून ठेवलं होतं की हे सिद्धेशला कळणार नाही. तो भला माणूस आहे पण त्याला हे कळणार नाही, असं. तिचं तयार वाक्य या एका खांबावर उभं होतं. आता तो खांब वडाच्या वळणावर कोसळला होता. साऱ्या पृथ्वीवर एकच माणूस होता ज्याला ती पडताना कोणत्या कुशीवर पडेल हे न पाहता कळत होतं. त्याच्यापासून ती दूर राहणार होती, आणि न कळण्याचा आडोसा आता उरला नव्हता.

मग तिने जे केलं ते तिच्या धंद्यातलं होतं. तिने ते वाक्य मनात पुन्हा सुरू केलं आणि ऐकलं. पंपघरात एखाद्या यंत्राजवळ उभी राहून, डोळे मिटून ऐकावं तसं, सगळे भार चढवून: खिडकी चढवली, फुटलेली अंडी चढवली, सासूबाई मालिनीताई रोज संध्याकाळी व्हिडिओवर दाखवतात ती तुळस चढवली, सिद्धेशचं ते घास घेऊन हसणं चढवलं. वाक्य जड झालं. त्याखाली कुठेतरी काहीतरी कण्हलंही. पण सूर बदलला नाही. तिने पुन्हा ऐकलं, स्वतःवर मेहेरबानी न करता. नाही बदलला.

"लागलं नाही ना फार?" सिद्धेश विचारत होता. "तो म्हातारा ठीक आहे? केस-बिस करणार नाही ना? लोक करतात."

"नाही करणार. सिद्धेश, ऐक. मी ऑगस्टमध्ये येत नाहीये."

"म्हणजे सप्टेंबर?"

"म्हणजे परत येत नाहीये. इथली जागा मला कायमची देतायत. मी आज हो म्हणणार आहे."

तिकडे डब्याचं झाकण लागलं, एक बाजू, दुसरी बाजू. कुणीतरी त्याच्या काचेवर टकटक केली असावी, कारण तो एकदम त्याच्या ऑफिसच्या आवाजात, इंग्रजीत, आलोच दोन मिनिटांत, असं म्हणाला, आणि तो आवाज इतका नीटनेटका, इतका बिनचूक होता की ती पळता पळता थांबली. रस्ता इथून वर चढू लागत होता, खाली खडकांवर पाणी फुटत होतं, दोन मुली सर्फिंगच्या फळ्या डोक्यावर धरून लाटांकडे उतरत होत्या.

"आईला काय सांगू?" तो म्हणाला.

"आईंना मी सांगते. संध्याकाळी."

"ती म्हणेल भांडण झालं."

"मग करूया का भांडण?"

"आत्ता नाही जमणार. मीटिंग आहे." तो स्वतःच क्षणभर हसल्यासारखा झाला आणि हसू अर्ध्यात राहिलं. "मी तिकडे येऊ शकत नाही, अहिल्या. तुला माहितेय. माझी लॅब उचलून आणता येत नाही, आणि आईचं सगळं इथे आहे. तिच्या मैत्रिणी, देऊळ, डॉक्टर. या वयात तिला कुठे हलवू."

"माहितेय. मी ये म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतेयस?" तो म्हणाला, आणि मग, तिने उत्तर देण्याआधीच, खालच्या आवाजात: "तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

या प्रश्नासाठी तिने काही तयार केलेलं नव्हतं. विचारतेय असं म्हणणं सोपं होतं, सभ्य होतं. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांना सगळं विचारूनच केलं होतं, पडद्यांचे रंगसुद्धा. "सांगतेय," ती म्हणाली.

तिने ऐकलं. तिकडे गाडीच्या एसीची घरघर होती, दुरून गेलेला एक ट्रक होता, आणि त्याचा श्वास, जो रागावल्यावर नाकातून येतो तसा येत नव्हता.

"बरं केलंस," सिद्धेश म्हणाला. "विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. आणि तू आली असतीस. गुपचूप आली असतीस, मी तुला ओळखतो. मग रोज जेवताना समोर तुझा तो समजूतदार चेहरा. तेवढी ताकद माझ्यात नाही गं." तो पुढे म्हणाला, "खिडकीतून उजेड छान येतो पण. सई सुट्टीत आली की तिथेच पडून असते." आणि मग, "मी रागावणार आहे. आत्ता नाही, उद्या-परवा रागावीन. तेव्हा फोन उचल."

"उचलीन."

"आणि मी कधीच येणार नाही असं धरून बसू नकोस. येईनच असंही नको. मला काय वाटतंय ते मला अजून कळायचंय."

"हो," ती म्हणाली. "ते तुझं तू ठरव."

"जातो," तो म्हणाला, आणि गेला. गाडीचं दार लागलं, त्याच्या बुटांचे आवाज आले, त्यानंतर लगेच कुणाशी तरी काहीतरी बोलण्याचा, आणि मग त्याला फोन बंद करायचा राहिलाय हे आठवलं असावं.

तिने कानातली बोंडं काढून मुठीत धरली. उरलेला चढ तिने पळत चढला नाही. चालत चढली, सावकाश, कडेच्या भिंतीवरून हात फिरवत, मधूनच डोळे पुसत, आणि डोळे पुसावे लागतायत याने तिला मुळीच गोंधळल्यासारखं झालं नाही; ही किंमत होती आणि ती खरी होती, आणि एवढी खरी आहे म्हणजे घेतलेली वस्तूही खोटी नसणार. वरून पळत येणाऱ्या एका बाईने तिच्याकडे पाहिलं, बरं आहे ना अशा अर्थाने अंगठा आणि करंगळी उंचावली. तिनेही उंचावली. दीपगृहाच्या पुढच्या वळणावर ती कठड्यापाशी उभी राहिली. पाणी तिथे तीन रंगांत असतं, पण आज सूर्य समोर असल्यामुळे एकच रंग दिसत होता, पांढरा, बघवणार नाही इतका. पंपांवर काम करणारी माणसं लवकर उठतात. तिने डोनाला फोन लावला.

"हो," ती म्हणाली. "मी राहते."

"छान," डोना म्हणाली. मागे पाण्याचा मोठा घोष होता, डोनाला ओरडून बोलावं लागत होतं. "मग इकडेच ये आंघोळ करून. तीन नंबरचा पंप पहाटेपासून काहीतरी पुटपुटतोय. आम्हाला कुणालाच कळत नाहीये."

"येते," अहिल्या म्हणाली, फोन खिशात टाकला, आणि तिथे उभ्या उभ्याच तिला कडकडून भूक लागली.